मूत्राशयाच्या कर्करोगावर टीबीची लस : वाचकांचे प्रश्न

मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, औषध म्हणून वापरतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मात्रा आणि वेळापत्रक यांबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या युरोलॉजिस्टचाच (मूत्रविकारतज्ज्ञाचाच).

प्रश्न : बाबांच्या (वय ६२) मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली. रिपोर्टमध्ये 'हाय ग्रेड, टी-१' लिहिले आहे. डॉक्टर बीसीजी देणार म्हणतात. ती तर बाळांना टोचतात ती लस! कर्करोगावर ती काय करणार? (नागपूर)

उत्तर : लस तीच आहे, पण मार्ग वेगळा आणि मात्रा कितीतरी मोठी. नवजात बाळाला दंडावर, कातडीच्या आत ०.०५ मिलि टोचतात. त्यात जिवंत जंतू असतात काही लाख. कर्करोगासाठी बनवलेल्या ४० मिलिग्रॅमच्या एका व्हायलमध्ये (कुपीत) ते किमान दहा कोटी असतात आणि आपल्याकडे एका वेळी बहुधा दोन किंवा तीन व्हायल वापरतात. हे औषध नळीने थेट मूत्राशयात सोडतात. ते शिरेत, स्नायूत किंवा कातडीखाली कधीही टोचायचे नसते.

हा जंतू मूळचा गाईगुरांच्या क्षयाचा. फ्रान्समधल्या लील इथे आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षे तो पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावर पुन्हा पुन्हा वाढवला, सुमारे २३० वेळा. तेवढ्यात त्याची रोग करण्याची ताकद गेली, पण प्रतिकारशक्तीला जागे करण्याची ताकद राहिली. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला गेला. कर्करोगाशी त्याचा संबंध जुळायला आणखी वेळ लागला. १९२९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदींवरून मांडले की क्षयरोग्यांमध्ये कर्करोग कमी आढळतो. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बीसीजी दिलेले उंदीर गाठींना अधिक प्रतिकार करतात. आणि १९७६ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनचे अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. आजची उपचारपद्धती तिथून सुरू झाली.

बीसीजी स्वतः कर्करोगाच्या पेशींना विषासारखी मारत नाही. गाठ काढल्यावर उघड्या पडलेल्या जागी फायब्रोनेक्टिन नावाचे प्रथिन असते, जंतू त्याला चिकटतात आणि अस्तराच्या पेशींत शिरतात. त्या पेशी रासायनिक हाकाटी करतात. आधी न्यूट्रोफिल, मग मॅक्रोफेज, मग टी-पेशी आणि एनके-पेशी अशा प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे गोळा होतात आणि उरलेल्या रोगट पेशींवर तुटून पडतात. मोरालेस यांच्याही आधी अमेरिकेत बर्टन झ्बार यांच्या गिनिपिगवरील प्रयोगांतून चार अटी समोर आल्या होत्या : जंतूंचा गाठीशी प्रत्यक्ष स्पर्श हवा, जिवंत जंतू पुरेसे हवेत, गाठ लहान हवी आणि शरीर त्या जंतूला प्रतिसाद देण्याइतके धड हवे. पुढच्या बहुतेक उत्तरांत याच अटी पुन्हा येतील. औषध दोन तास का धरायचे, मात्रा का कापायची नाही, स्टिरॉइडवाल्यांना ते का देत नाहीत, हे सगळे त्यातूनच निघते.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये स्नायूचा तुकडा आला होता का, हे विचारा. हाय ग्रेड म्हणजे पेशी आक्रमक जातीच्या, आणि टी-१ म्हणजे रोग अस्तराखालच्या थरापर्यंत गेला आहे, स्नायूत नाही. पण तुकड्यात स्नायूच नसेल तर 'स्नायूत नाही' हे ठरवणार कशावरून? म्हणून हाय ग्रेड टी-१ असेल तर दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा दुर्बीण घालून खरवडतात. पहिल्यांदा सगळे काढले असे वाटले तरी अनेकांमध्ये काही उरलेले सापडते. रोग स्नायूत गेला असेल तर बीसीजी हा त्यावरचा उपचार नव्हे. तिथे जंतू पोहोचतच नाहीत. अशा वेळी बीसीजी देण्यात महिने घालवणे धोक्याचे आहे.

प्रश्न : सहा आठवड्यांचा कोर्स झाला, दुर्बिणीत काही दिसले नाही. तरी डॉक्टर तीन वर्षे अधूनमधून घ्या म्हणतात. सासरे आता बरे आहेत, मग हा त्रास कशाला? आणि सहाच आठवडे का? (कोल्हापूर)

उत्तर : सहा या आकड्यामागे मोठे शास्त्र नव्हते. मोरालेस वापरत असलेली लस सहा व्हायलच्या पाकिटात येई, आणि एका मात्रेचा त्रास आठवड्यात ओसरे, म्हणून आठवड्याला एक अशा सहा मात्रा ठरल्या. गंमत अशी की नंतरच्या चाचण्यांत हा आकडा टिकला.

तीन वर्षांच्या वेळापत्रकामागे मात्र भक्कम पुरावा आहे. डॉनल्ड लॅम आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या सहा मात्रांनंतर ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्यात दर वेळी आठवड्याला एक अशा तीन मात्रा दिल्या. २००० साली निकाल आले : फक्त सहा मात्रा घेतलेल्यांमध्ये रोग परत येईपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत तोवर रोग परतलेला असतो) ३५.७ महिने, पुढचा कोर्स घेतलेल्यांमध्ये ७६.८ महिने. त्याच चाचणीत ठरलेले सगळे डोस पूर्ण करू शकले फक्त १६ टक्के रुग्ण, हेही सांगायला हवे. म्हणजे एखाद-दुसरा डोस चुकला म्हणून सगळे वाया गेले असे समजू नका. पण 'बरे वाटतेय' हे थांबण्याचे कारण नव्हे. प्रतिसाद काही महिन्यांत मंदावतो, तो पुन्हा चेतवण्यासाठीच हे डोस असतात.

सगळ्यांना तीन वर्षे लागतात असेही नाही. युरोपातल्या १,३५५ रुग्णांच्या चाचणीत मध्यम धोक्याच्या रुग्णांना पूर्ण मात्रेचे एक वर्ष पुरले. जास्त धोक्याच्या रुग्णांमध्ये पूर्ण मात्रा तीन वर्षे दिल्यावर रोग कमी वेळा परतला. सासऱ्यांचा धोका कोणत्या गटातला, ते विचारून घ्या.

प्रश्न : सासूबाईंना दर सोमवारी बीसीजी द्यायला नेते. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे आणि संडास एकच. काय काळजी घ्यायची? (ठाणे)

उत्तर : आदल्या रात्रीपासून क्रमाने सांगतो. जाण्यापूर्वी चार तास पाणी-चहा कमी ठेवा, नाहीतर लघवी साठून औषध पातळ होते आणि दोन तास धरवत नाही. लघवीच्या गोळ्या (डाययुरेटिक) चालू असतील तर त्या दिवशी कधी घ्यायच्या, ते डॉक्टरांना विचारा. सकाळी ताप, लघवीला जळजळ, दुर्गंधी किंवा लाल लघवी असेल तर ते आधी सांगा. त्या दिवशीचा डोस पुढे ढकलणेच योग्य.

दवाखान्यात पातळ नळी घालून मूत्राशय रिकामे करतात. नळी घालताना रक्त आले तर डोस द्यायचा नाही, साधारण आठवडाभर थांबायचे. हा नियम काटेकोर आहे, कारण फाटलेल्या जागेतून जिवंत जंतू रक्तात गेल्यानेच सर्वांत गंभीर गुंतागुंती झाल्या आहेत. वंगण जेली अगदी थोडी लावतात, काही जेलींमधले घटक जंतूंना मारतात. ५० मिलि सलाइनमध्ये मिसळलेले औषध हळूहळू, आपल्या वजनाने आत जाऊ देतात, सिरिंजने जोर लावत नाहीत. व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअसवर आणि उजेडापासून दूर ठेवतात. मिसळल्यावर दोन तासांच्या आत वापरायची. जिथे इतर रुग्णांची केमोथेरपी तयार होते तिथे बीसीजी मिसळू नये. असे केल्याने प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या दुसऱ्या रुग्णांना शिरेतून हा जंतू गेल्याच्या नोंदी आहेत.

आत दोन तास धरायचे. पहिल्या तासात पंधरा-पंधरा मिनिटे पाठीवर, पोटावर, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर झोपायला सांगतात, म्हणजे औषध सगळ्या भिंतींना लागते. सासूबाईंना पोटावर झोपणे जमत नसेल तर हट्ट नको. दोन तासांपेक्षा जास्त धरूनही जास्त फायदा नाही, त्रास मात्र वाढतो.

आता तुमचा खरा प्रश्न. पहिल्या सहा तासांतल्या लघवीत जिवंत जंतू असतात. त्या वेळात बसूनच लघवी करायची (पुरुषांनीही), म्हणजे उडत नाही. प्रत्येक वेळी लघवीइतकेच घरगुती ब्लीच भांड्यात ओतायचे, पंधरा मिनिटे थांबायचे, मग पाणी सोडायचे. ब्लीच ओतताना आम्लाचे टॉयलेट क्लीनर त्यात पडू देऊ नका. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि एकच लहान संडास असलेल्या घरात हा धोका जंतूंपेक्षा मोठा आहे. क्लीनरची बाटली त्या दिवशी उचलून दुसरीकडे ठेवा, खिडकी उघडी ठेवा. नंतर साबणाने हात आणि खालचा भाग धुवायचा. कपड्यांना लघवी लागली तर ते वेगळे, गरम पाण्यात धुवा. सहा तास उलटले की घर नेहमीसारखे वापरा. मुलाला आजीजवळ जाऊ द्यायला, एकत्र जेवायला हरकत नाही. हा आजार खोकल्यातून पसरणारा टीबी नव्हे.

पहिली लघवी झाल्यावर दिवसभर भरपूर पाणी पाजा. पुरुष रुग्णांनी डोसनंतर ४८ तास शरीरसंबंध टाळावा आणि कोर्स चालू असताना एकूणच निरोध वापरावा.

प्रश्न : तिसऱ्या डोसनंतर १०१ ताप आणि लघवीला खूप जळजळ. जवळच्या डॉक्टरांनी लघवीत पस सेल्स बघून अँटिबायोटिक दिले. बरोबर केले का? (अहिल्यानगर)

उत्तर : एक-दोन दिवस बारीक ताप, अंगदुखी, वारंवार आणि जळजळीत लघवी, थोडेसे रक्त : हे अपेक्षित आहे, प्रतिकारशक्ती कामाला लागल्याचेच लक्षण. पॅरासिटामॉल आणि पाणी पुरते. बीसीजी घेणाऱ्याच्या लघवीत पस सेल्स आठवडेच्या आठवडे सापडतात, त्यावरून जंतुसंसर्ग ठरवायचा नसतो. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवावे. उगाच दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्या बीसीजीच्या जंतूंनाही मारतात, म्हणजे डोसच निकामी होऊ शकतो. कल्चरमध्ये खरा संसर्ग निघाला तर मात्र तो आधी बरा करायचा आणि मगच पुढचा डोस.

आता कधी घाबरायचे ते. ताप १०१ च्या वर ४८ तासांहून जास्त टिकला तर युरोलॉजिस्टकडे जा. १०३ गेला, हुडहुडी भरली, रक्तदाब उतरला, श्वास लागला, कावीळ दिसली तर सरळ मोठ्या रुग्णालयात. तिथे पहिले वाक्य 'मूत्राशयात बीसीजी घेतली आहे' हेच असू द्या, डोस होऊन सहा महिने झाले असले तरी. फुप्फुस, यकृत, मणका अशा ठिकाणी हा जंतू उशिरानेही डोके वर काढतो. उपचार टीबीच्याच औषधांनी, आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल यांनी होतो. पायराझिनामाइड मात्र बीसीजीवर चालत नाही, या जंतूत तो प्रतिरोध जन्मजात आहे. आपल्याकडे टीबीसाठी चार औषधांची एकत्रित गोळी सर्रास दिली जाते, म्हणून हे डॉक्टरांच्या कानावर घालणे फार गरजेचे आहे. प्रकृती गंभीर असेल तर सोबत स्टिरॉइडही देतात.

पुरुषांमध्ये प्रोस्टेटला सूज येऊन पीएसए (रक्तात मोजले जाणारे प्रोस्टेटचे प्रथिन) वाढतो. तेवढ्यावरून प्रोस्टेटचा कर्करोग गृहीत धरू नका. सांधे सुजले, डोळे लाल झाले तर तेही सांगा, ही या उपचाराची माहीत असलेली प्रतिक्रिया आहे.

प्रश्न : माझ्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यात मोठ्यांनाही बीसीजी टोचली. यामुळे कर्करोगापासून संरक्षण मिळेल का? (सातारा)

उत्तर : नाही, तसे मानू नका. मोठ्यांची ती मोहीम टीबी रोखता येतो का हे पाहण्यासाठी होती. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी मुलांना १९३० च्या दशकात दिलेल्या बीसीजीचा साठ वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला, पण एकूण कर्करोगाच्या प्रमाणात फरक नव्हता. संशोधनाला दिशा देणारी गोष्ट आहे, भरवसा ठेवण्याजोगी नाही. मूत्राशयाचा कर्करोग टाळण्यासाठी विडी-सिगारेट सोडणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. गाठ निघाल्यावरही ती सोडावीच.

प्रश्न : व्हायल मिळत नाहीत. मात्रा कमी करून किंवा डोस विरळ करून चालेल का? (पुणे)

उत्तर : टंचाई जगभर आहे. कॅनडात टोरंटोच्या बीसीजी बनवणाऱ्या कारखान्यात २०१२ मध्ये बुरशी आढळल्यावर उत्पादन थांबले आणि २०१७ मध्ये तिथला बीसीजीचा प्रकार बंदच झाला. अमेरिका तेव्हापासून एकाच उत्पादकावर अवलंबून राहिली. आपल्याकडे पुण्याचीच सीरम इन्स्टिट्यूट कर्करोगासाठीची बीसीजी बनवते, पण ही लस वाढायला आठवडे लागतात आणि एखादी खेप बिघडली तर भरपाई पटकन होत नाही.

कमी मात्रा आणि विरळ डोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. वर सांगितलेल्या युरोपीय चाचणीत एक-तृतीयांश मात्रा थोडी कमी पडली, पण फार नाही. मात्र मात्रा घटवून त्रास कमी झाला नाही, म्हणजे 'सोसत नाही म्हणून अर्धी द्या' याला आधार नाही. डोस विरळ करणे याहून वाईट. युरोपातल्या निंबस चाचणीत वर्षाला १५ ऐवजी ९ डोस दिले, तर विरळ गटात २७ टक्के रुग्णांचा रोग परतला आणि नेहमीच्या गटात १२ टक्के. चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. म्हणून औषध तुटपुंजे असेल तर आठवडे गाळण्यापेक्षा मात्रा वाटून घेणे बरे, आणि सुरुवातीच्या सहा डोसांना, तेही जास्त धोक्याच्या रुग्णांना, आधी प्राधान्य. बाळांच्या लसीच्या व्हायल गोळा करून ही मात्रा बनवू नका. त्यातले जंतू इतके कमी असतात की हिशेब जुळत नाही.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. मूत्राशयावर इतके चालते तर बाकीच्या कर्करोगांवर बीसीजी का नाही? नवीन काय चालले आहे? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्रयत्न झाले. १९६९ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज माते यांनी रक्ताच्या कर्करोगात बीसीजीचे आशादायक निकाल दिले, नंतरच्या चाचण्यांत ते टिकले नाहीत. १९७० च्या दशकात डॉनल्ड मॉर्टन यांनी कातडीवरच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या गाठींत थेट बीसीजी टोचली. टोचलेल्या गाठी बऱ्याच वेळा विरघळल्या, न टोचलेल्या क्वचितच. झ्बार यांच्या अटी आठवा : स्पर्श, मात्रा, लहान गाठ. मूत्राशय ही बंद पिशवी आहे, रोग आतल्या पृष्ठभागावर पसरलेला असतो, मोठी गाठ आधीच खरवडलेली असते आणि कोट्यवधी जंतू दोन तास तिथे कोंडता येतात, मग लघवीवाटे बाहेर जातात. फुप्फुसात किंवा यकृतात ही सोय कुठून आणणार?

सध्याचे काम तीन दिशांनी चालले आहे, आणि आमच्या मते त्यातली पहिली तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने नीट वाचावी अशी आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखेनचे मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की बीसीजीनंतर रक्तातल्या मोनोसाइट या प्रतिकारपेशी महिनोन्‌महिने अधिक तडफेने प्रतिसाद देतात. त्यांच्या जनुकांवरच्या खुणा बदलतात. पण मोनोसाइट तर काही दिवसच जगतात, मग आठवण राहते कुठे? अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या गटाने दाखवले की मूत्राशयात दिलेली बीसीजीसुद्धा रुग्णांच्या या मूळ पेशींचा कार्यक्रम बदलते आणि त्यातून निघणाऱ्या पेशी गाठीशी लढायला अधिक सरस असतात. म्हणजे स्पर्शाची अट पूर्ण चित्र सांगत नव्हती.

दुसरी दिशा जंतूच बदलण्याची. व्हीपीएम१००२ हा बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत स्टेफान काउफमान यांच्या प्रयोगशाळेत घडवलेला बीसीजी. त्यातले युरिएज जनुक काढून लिस्टेरिया या जंतूचे एक जनुक घातले आहे. त्यामुळे जंतू पेशीत ज्या कप्प्यात अडकतो त्याच्या भिंतीला भोके पडतात, प्रतिजने (जंतूचे ओळख पटवणारे अंश) पेशीद्रवात येतात आणि टी-पेशींना जास्त चांगली ओळख पटते. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये नेहमीची बीसीजी अपयशी ठरलेल्या ४२ रुग्णांवर तो तपासला, ६० आठवड्यांनी जवळजवळ निम्म्यांच्या मूत्राशयात रोग परतला नव्हता. हा जंतू आता सीरम इन्स्टिट्यूटकडे आहे.

तिसरी दिशा जोड देण्याची. टी-पेशींचा लगाम सोडणारी औषधे बीसीजीसोबत सुरुवातीपासून द्यायची. डुर्वालुमॅब आणि सासानलिमॅब यांच्या २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांत रोग परतण्याचे प्रमाण घटले, पण दुष्परिणाम वाढले, आणि एकूण आयुर्मान वाढते हे अजून सिद्ध झालेले नाही. बीसीजीनेच बऱ्या होणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना ही जोड द्यावी का, यावर तज्ज्ञांत खरे मतभेद आहेत. आम्हाला सरसकट देणे घाईचे वाटते.

प्रश्न : बीसीजी घेऊनही गाठ परत आली. आता मूत्राशय काढावेच लागेल का? (बेळगाव)

उत्तर : आधी बीसीजी पुरेशी मिळाली होती का ते पाहा. सुरुवातीच्या सहापैकी किमान पाच आणि पुढच्या तीनपैकी किमान दोन डोस झाले असतील तरच 'बीसीजी चालली नाही' असे म्हणतात. सपाट पसरलेला रोग (सीआयएस) तीन महिन्यांना उरला असेल तरी आणखी डोसांनंतर सहा महिन्यांपर्यंत तो जाऊ शकतो. मात्र पहिल्या तपासणीतच हाय ग्रेड टी-१ दिसला तर थांबू नका.

पुरेशी बीसीजी देऊनही हाय ग्रेड रोग परतला तर मूत्राशय काढणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ज्यांना ते झेपत नाही किंवा नको आहे, त्यांच्यासाठी जेमसिटाबिन आणि त्यामागोमाग डोसिटॅक्सेल ही केमोथेरपीची औषधे मूत्राशयात सोडण्याची पद्धत आहे. दोन्ही औषधे आपल्याकडे सहज मिळतात. पेम्ब्रोलिझुमॅब इंजेक्शनला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. सीआयएसच्या रुग्णांत सुमारे ४१ टक्क्यांचा रोग त्याने दिसेनासा झाला, पण त्यातल्या निम्म्यांतच तो प्रतिसाद वर्षभर टिकला. कोणताही पर्याय घेतलात तरी दर तीन महिन्यांची दुर्बीण आणि लघवीतील पेशींची तपासणी चुकवू नका.

प्रश्न : वडिलांना वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता आणि आता संधिवातासाठी स्टिरॉइड चालू आहे. बीसीजी देता येईल का? (नांदेड)

उत्तर : पूर्ण बरा झालेला जुना टीबी आड येत नाही, सक्रिय टीबी येतो. छातीचा एक्स-रे काढून ठेवा. स्टिरॉइडची मात्रा महत्त्वाची : जास्त मात्रा किंवा त्यासोबत मेथोट्रेक्सेट, टीएनएफ (सूज वाढवणारे प्रथिन) रोखणारी इंजेक्शने असतील तर जिवंत जंतू देणे धोक्याचे, आणि प्रतिसादही मिळायचा नाही. संधिवाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी युरोलॉजिस्टना दाखवा, पण भीतीपोटी स्टिरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची ग्रंथी दबलेली असते आणि गोळी अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो.